फर्न कामाला कधी जाते?

दिवाळीत घरी, म्हणजे चिखल्याला होते. भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पुढे, गोबरवाहीजवळचं मँगनीजच्या खाणीचं गाव. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणासाठी ‘नोमॅडलँड’ तिसऱ्यांदा बघत होते, वही घेऊन, थांबवत थांबवत. बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले, जेवले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. इंग्रजी त्यांना जेमतेम कळतं, पण चित्रपटात बोलणं कमीच आहे, त्यामुळे अडलं नाही. अर्धा तास गुमान पाहिल्यावर त्यांनी विचारलं, “अन् हे बाई कामाले कवा जाते?”

मी म्हटलं, गेली होती ना, सुरुवातीला, गोदामात. ते म्हणाले, “तेवढंच?”

माझं चौथं प्रकरण या प्रश्नाभोवतीच फिरतंय आणि मला तो इतक्या थोडक्यात मांडता आला नव्हता. म्हणून ही पोस्ट.

आधी चित्रपट न पाहिलेल्यांसाठी थोडं. दिग्दर्शक क्लोई झाओ. २०२० मध्ये व्हेनिसला सुवर्णसिंह, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री असे ऑस्कर. फर्न (फ्रान्सिस मॅकडॉरमंड) नेवाडातल्या एम्पायर नावाच्या गावात राहत असते. हे खरंखुरं गाव. जिप्समच्या कंपनीचं. २०११ मध्ये कारखाना बंद झाला, लोक निघून गेले, गावाचा पिनकोडसुद्धा रद्द झाला. नवरा वारलेला, घर कंपनीचं, मग फर्न एका व्हॅनमध्ये संसार मांडते आणि निघते. डिसेंबरात अॅमेझॉनचं गोदाम, मग अॅरिझोनाचं वाळवंट, मग साउथ डकोटातलं बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान, एका हॉटेलचं स्वयंपाकघर, बीटचा हंगाम, आणि पुन्हा गोदाम. चित्रपट आधारलेला आहे जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंच्या २०१७ च्या त्याच नावाच्या पुस्तकावर. लिंडा मे, स्वँकी, बॉब वेल्स ही त्यातली खरी माणसं चित्रपटात स्वतःच्याच नावाने वावरतात.

आता संशोधनाबद्दल. ‘तू नेमकं करतेस काय’ असं मला दर लग्नात विचारलं जातं, तर ऐका. जेरार जनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये कथनातल्या वेळेची एक सोपी मोजणी मांडली. एखादी गोष्ट घडायला किती वेळ लागला आणि ती सांगायला किती लागला, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं. दोन्ही सारखे असतील तर ते दृश्य. सहा महिने एका ओळीत उरकले तर सारांश. काहीच न सांगता पुढे उडी मारली तर लोप. आणि घटना थांबून नुसतं वर्णन चालू राहिलं तर विराम. मी हे माप प्रवासकथनांना लावते. प्रवासात वेळ कायम कमी असतो, त्यामुळे लेखकाने तो कुठे खर्च केला आणि कुठे वाचवला, यावरून बरंच कळतं.

‘नोमॅडलँड’ला हे माप लावलं की चित्र स्पष्ट दिसतं. गोदामातल्या आठवड्यांचा सारांश होतो. बीटचा ढीग, शौचालयाची सफाई, तव्यावरचं काम, सगळं काही शॉटमध्ये आटोपतं. पण संध्याकाळचा उजेड पडला, फर्न दगडांमधून किंवा झाडांमधून चालू लागली, की कॅमेरा थांबतो आणि मागे पियानो सुरू होतो. विराम. म्हणजे जिचा बहुतेक वेळ पगारी कामात जातो अशा बाईची गोष्ट आपण तिच्या सुट्टीच्या वेळेतून बघतो. ही पर्यटकाची वेळ आहे. चार दिवसांची रजा काढून आलेला माणूस असंच बघतो: काम घरी ठेवून, उजेड चांगला असताना.

ब्रूडरच्या पुस्तकात हिशोब उलटा आहे. तीन वर्षं त्या या लोकांमागे फिरल्या, स्वतः एक व्हॅन घेतली, गोदामात आणि बीटच्या हंगामात कामही करून पाहिलं. त्यामुळे पुस्तकात बारा तासांची पाळी बारा तासांसारखी वाटते. गोदामाच्या सिमेंटच्या फरशीवर दिवसभर चालणारे साठी-सत्तरीतले पाय, भिंतीवर लावलेली फुकट वेदनाशामक गोळ्यांची यंत्रं, हे तिथे सविस्तर येतं. आणि त्या वर्षाचं एक वेळापत्रक आहे. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंड, शरदात बीट, नाताळच्या आधी गोदाम, थंडीत वाळवंट. ‘कुठेही, कधीही’ असं त्यात काही नाही. आपल्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्यांना कुणी स्वच्छंदी म्हणत नाही ना? तसंच.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, चित्रपट श्रमांबद्दल नाहीच, दुःखाबद्दल आहे. फर्न नवऱ्यासाठी शोक करतेय, आणि शोकाला विरामच लागतो. हे मला अर्धं मान्य आहे. वडिलांनी दिलेल्या बशा फुटतात तो प्रसंग, किंवा बॉब वेल्स मुलाच्या मृत्यूबद्दल बोलतो तो, तिथे झाओ जो वेळ देतात तो दुसऱ्या कुणी दिला नसता. पण बशा फुटतात तेव्हा त्या चिकटवायला फर्नला फुरसत कुठून मिळाली, असं विचारणं म्हणजे दुःखाचा अपमान नाही. दुःख करायलाही रजा लागते. आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

याच प्रकरणात दुसरं पुस्तक आहे जॉन स्टाइनबेकचं ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’. १९६० च्या सप्टेंबरात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ट्रकवर घर बसवून, डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याला रोसिनांते नाव देऊन, सोबत कुत्रा घेऊन हा माणूस अमेरिका शोधायला निघाला. पुस्तक १९६२ चं, त्याच वर्षी नोबेलही. मला त्यातला यलोस्टोनचा भाग फार आवडतो. तो तिथे जातो ते शेजारी काय म्हणतील म्हणून: इतक्या जवळ गेलास आणि पाहिलं नाहीस? आत शिरल्यावर अस्वलं बघून चार्ली असा बिथरतो की गाडी वळवून परत फिरावं लागतं. कमी वेळातल्या स्थळदर्शनाबद्दल इतकं प्रामाणिक मी फार थोडं वाचलंय.

बाकीचं पुस्तक मात्र तेवढं प्रामाणिक नाही. २०१० मध्ये बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने तोच मार्ग धरून तपासलं, तर स्टाइनबेकच्या बऱ्याच रात्री हॉटेलं, मोटेल आणि ओळखीच्यांकडे गेलेल्या निघाल्या, बराच काळ पत्नीही सोबत होती. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, हे शब्दशः घेऊ नका, असा इशारा आला. माझी तक्रार खोटेपणाबद्दल नाही, लोपाबद्दल आहे. ज्या रात्री घाईने गाळल्या, त्या जागी निवांत एकटेपणा भरला. वेळ कमी होता हे सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आपले गोडसे भटजी सांगतात. वरसईहून ते १८५७ मध्ये निघाले ते कर्ज फेडायला, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. मध्येच बंड उसळलं आणि ते झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ मध्ये. त्यात देवळं आहेत, घाट आहेत, गंगा आहे, पण आपण का निघालो आणि हाताला काय लागलं हे ते विसरत नाहीत. काशीचं वर्णन वाचतानाही माणूस कामावर आहे हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणूनच मला ते वर्णन खरं वाटतं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे घर घेऊन फिरणाऱ्यांची मराठी वर्णनं आता वाढतील असं दिसतंय. त्यात मी सगळ्यात आधी पाणी कुठे भरलं, टाकी कुठे रिकामी केली, रजा किती होती, हे शोधणार आहे. मागे नागपूरहून माझे मित्रमैत्रिणी एका दिवसासाठी आले होते. गायमुख, चांदपूरचा तलाव, अंबागडचा किल्ला, सगळं संध्याकाळपर्यंत झालं. चिखल्यात थांबायला वेळ नव्हता, गाडीच्या काचेतून काळ्या ढिगाऱ्यांचा एक फोटो निघाला. छान आला होता. मीच स्टेटसला ठेवला.

बाबांची रिटायरमेंट पुढच्या वर्षी आहे. मग क्वार्टर सोडायचं, नियमच तो, त्यात कुणाची तक्रार नाही. कुठे जायचं हे मात्र घरात अजून ठरत नाहीये. पुस्तकात लिंडा मे शेवटी अॅरिझोनात पाच एकर जमीन घेते, तिथे घर बांधायचं म्हणते. चित्रपटात हे ओझरतं येतं. हे मी बाबांना सांगितलं, तर त्यांनी पहिल्यांदा भाव विचारला.

चित्रपटाच्या शेवटी फर्न एम्पायरला परत येते. रिकाम्या घरातून फिरते, मागचं दार उघडते. पुढे नुसतं वाळवंट आणि लांब डोंगर. झाओ इथे पुन्हा थांबतात, आणि मी वहीत सवयीने ‘विराम’ लिहिलं. बाबांनी तेवढा भाग मागे घ्यायला लावला. दुसऱ्यांदा पाहताना ते डोंगराकडे बघत नव्हते. “तिच्या मांगच्या अंगणाले कुंपण नाई,” ते म्हणाले. “आपल्याले हाये.”