तेच ध्रुपद, तिसऱ्यांदा

२०२०च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी घरी बसलेल्या वारकऱ्याचे काय हरवले होते, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. विठ्ठल घरच्या तसबिरीत होताच. हरवले होते ते चालणे, पुढच्याची लय, गर्दीत विरून जाणारा आपला आवाज. त्याच वर्षी १२ एप्रिलचा ईस्टरही ख्रिस्ती माणसांनी बंद चर्चबाहेर, आपापल्या घरी काढला. उपासनेच्या जागी जाता न येणे हे दुःख कवितेत कसे उतरते, हे पाहायचे तर जुन्या करारातील स्तोत्रसंहितेतले ४२वे स्तोत्र उघडावे.

या स्तोत्राचा गायक यरुशलेमच्या मंदिरापासून दूर आहे. उत्तरेला, हर्मोनच्या पायथ्याशी, जिथे यार्देन उगम पावते. एके काळी सणाच्या मेळ्याबरोबर आपण देवाच्या घराकडे चालत जात होतो, हे त्याला आठवते. तो इथे का अडकला? हद्दपार झाला, आजारी पडला, की कैदेत आहे? अभ्यासकांनी तर्क पुष्कळ केले. कविता मात्र गप्प आहे. मला ते गप्प राहणेच मोलाचे वाटते. कारण सांगितले असते तर हे स्तोत्र त्या एकाच माणसाचे झाले असते.

पुढचे ४३वे स्तोत्र याच कवितेचा उरलेला भाग आहे. त्याला स्वतंत्र शीर्षक नाही, ध्रुपद तेच आहे आणि अनेक हिब्रू हस्तलिखितांत दोन्ही सलग लिहिलेली आढळतात. एकत्र वाचली की तीन कडवी दिसतात. पहिल्यात पाण्यासाठी व्याकूळ झालेली हरिणी आहे आणि प्यायला मिळतात ती स्वतःची आसवे. दुसऱ्या कडव्यात पाणी येते, पण कसे? धबधब्यांच्या गर्जनेसारखे, एका खोलीने दुसरीला हाक मारावी तसे. लाटा डोक्यावरून जातात. तहानलेल्याला पूर मिळतो, आणि तो पूर देवाचाच आहे असे गायक स्पष्ट म्हणतो. भक्तिकाव्यात इतकी कडवट प्रतिमा फार थोड्यांनी वापरली असेल.

या दोन्ही कडव्यांत लोक त्याला डिवचतात: तुझा देव कुठे आहे? हा टोमणा दोनदा येतो. त्याला उत्तर म्हणून नव्हे, पण त्याच्या शेजारी ध्रुपद तीनदा येते. त्यात गायक आपल्याच जिवाला विचारतो की तू असा खचून का गेलास, आणि देवाची वाट पाहा म्हणतो. मी अजून त्याचे स्तवन करीन, असेही. आपल्याच मनाशी बोलणे आपल्याला रामदासांमुळे परिचयाचे आहे. पण ‘मनाचे श्लोक’ मनाला उपदेश करतात. इथे आधी मनाची विचारपूस होते. खचलेल्या माणसाशी बोलण्याची ही रीत मला अधिक माणुसकीची वाटते.

विलापस्तोत्रांचा अभ्यास करणारे क्लाउस वेस्टरमान दुसऱ्या महायुद्धानंतर रशियन कैदेत होते. स्तवनाचा त्यांचा विचार तिथेच आकाराला आला. पुस्तक १९५४ साली निघाले. त्यांचे निरीक्षण असे की विलापस्तोत्रे बहुधा विलापावर थांबत नाहीत, कुठेतरी स्तुतीकडे वळतात. (८८वे वळत नाही, ते अंधारातच संपते आणि तरी संहितेत टिकून आहे.) हे वळण गाठण्याची घाई केली तर काय होते, हे वॉल्टर ब्रुगेमान यांनी १९८६च्या एका निबंधात मांडले. गाऱ्हाणे उपासनेतून बाद झाले की देवाकडे दाद मागण्याचा माणसाचा हक्कही जातो. जगभर गायले जाणारे ‘अ‍ॅज द डिअर’ हे आधुनिक इंग्रजी गीत याच ४२व्या स्तोत्रावरून सुचलेले. त्यात हरिणी घेतली आहे. आसवे, टोमणा, पूर यांतले काही नाही. चाल गोड आहे, मलाही आवडते. पण तहान इतकी सुखाची झाली की ती तहान उरत नाही.

मात्र वेस्टरमान यांचे ते एक वळण ४२-४३ला नीट लागू पडत नाही, असे मला वाटते. इथे कविता एकदाच वळत नाही. आशा येते, पुढचे कडवे तिला बुडवते, मग तेच शब्द पुन्हा वर येतात. ही रचना समजायला मराठी माणसाला हिब्रू यावे लागत नाही, भजन ठाऊक असले की पुरे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चच्या गायनात अभंग, पद आणि कीर्तन आणले. त्यावर सहसा ‘देशीकरण’ एवढीच मोहोर उमटवून आपण पुढे जातो. पण अभंगाबरोबर ध्रुपद आले, आणि ध्रुपदाबरोबर ते उचलून धरणारी माणसेही आली. कडवे एकट्याचे, ध्रुपद सगळ्यांचे. ज्याच्या घशातून त्या दिवशी शब्द फुटत नाही त्याने गप्प राहावे. ओळ त्याच्यावाचून पडत नाही.

हर्मोनपाशी मात्र गायकाला टाळकरी नाहीत. म्हणून ध्रुपद म्हणताना त्याला आपलेच दोन भाग करावे लागतात, एक खचलेला आणि एक विचारणारा. २०२१च्या एप्रिलमध्ये माझ्या मावशीच्या दफनविधीला आम्ही पाचजण होतो. पाळकांनी गीत सुरू केले, मास्कमधून आवाज फुटेना, ध्रुपद अर्ध्यात पडले. बाकीचे नातलग मामेभावाच्या मोबाईलवर होते. क्षणभराने तिथून तीच ओळ आली, आधी पुण्याहून, मग नगरहून, मग कुणा लहान मुलाचा आवाज. एकही दुसऱ्याबरोबर नाही. संगीत म्हणून ते भीषण होते. तोवर पाळक पुढच्या कडव्यावर गेले होते. ते थांबले आणि ओळ पुरी होऊ दिली.

तिसऱ्या कडव्यात, म्हणजे ४३व्या स्तोत्रात, टोमणा येत नाही. जुलूम करणारा शत्रू अजून तिथेच आहे, देवाने आपल्याला का टाकले हा प्रश्नही आहे. पण प्रथमच गायक काही मागतो: तुझा प्रकाश आणि तुझे सत्य पाठव, ते मला वाट दाखवोत. मग वेदीपाशी जाईन, वीणा वाजवीन, असे तो म्हणतो. क्रियापदे भविष्यकाळातली आहेत. तो अजून निघालेलाही नाही, आणि ध्रुपद तिसऱ्यांदा येते.