‘माझी’ म्हणण्याचा हक्क

गावाकडच्या आठवणी लिहिणारे आपण बहुतेक जण गाव सोडून आलेले असतो. जे गावात राहिले त्यांना लिहायला सवड नाही, आणि जे निघाले त्यांना लिहिल्याशिवाय चैन नाही. मग गाव नक्की कुणाचं? हा प्रश्न आपण टाळतो. अमेरिकेतल्या विला कॅथर या बाईनं तो टाळला नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

कॅथरचा जन्म 1873 चा, व्हर्जिनियातला. 1883 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ती घरच्यांबरोबर नेब्रास्कात आली. तिकडच्या गवताळ माळाला प्रेअरी म्हणतात. आपल्या माळाला कुठंतरी डोंगराची कड असते. तिथं नजर अडवायला काहीच नाही. दीडेक वर्षानं हे कुटुंब रेड क्लाउड या छोट्या गावात राहायला गेलं आणि वडील शेतीकर्ज, विमा यांच्या धंद्यात पडले. आजूबाजूला बोहेमियन, स्वीडिश, नॉर्वेजियन शेतकरी. ही पोरगी त्यांच्या म्हाताऱ्या बायकांच्या चुलीपाशी जाऊन बसायची. पुढं विद्यापीठ, मग पिट्सबर्ग, मग न्यूयॉर्कमध्ये मासिकाचं संपादन. पहिली कादंबरी 1912 ची, बोस्टन-लंडनमधली. माळाकडं ती वळली पुढच्या वर्षी, ‘ओ पायोनियर्स!’मध्ये, तेव्हा ती चाळिशीला टेकली होती.

या कादंबरीत प्रेम आहे, खून आहे, पण माझ्या लेखी तिचा कणा आहे तो भावाबहिणींचा वाद. बाप मरताना जमिनीचा कारभार अलेक्झांड्रा या थोरल्या लेकीच्या हाती देतो. दुष्काळाची वर्षं येतात, शेजारी विकून निघतात, भाऊही निघायचं म्हणतात. ही एकटी ठरवते, की असलेली जमीन गहाण टाकायची आणि शेजाऱ्यांची विकत घ्यायची. सोळा वर्षांनी ती त्या भागातली मोठी शेतकरीण होते. आणि ती लग्न करील अशी चाहूल लागताच ते दोघे भाऊ येऊन म्हणतात, घरची जमीन शेवटी घरातल्या पुरुषांची, राबलो आम्ही. ती आवाज चढवत नाही. कचेरीत जा आणि जमीन कुणाच्या नावावर आहे ते विचारा, म्हणते. सात-बाऱ्यावरून भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. विशेष हे, की भाऊ खोटं बोलत नाहीत. ते राबलेच होते. पण काय पेरायचं, काय घ्यायचं आणि कधी थांबायचं, हा विचारही कष्टात मोजायचा असतो, हे त्यांच्या गावीच नाही.

1918 ची ‘माय अँटोनिया’ याच्याही पुढं जाते. सुरुवातीलाच जिम बर्डन हा रेल्वेचा वकील आपलं हस्तलिखित घेऊन येतो. वर लिहिलेलं असतं ‘अँटोनिया’. तो जरा कपाळाला आठ्या घालतो आणि आधी एक शब्द वाढवतो, ‘माझी’. तेव्हा त्याचं समाधान होतं. सगळी कादंबरी मला त्या वाढवलेल्या शब्दात दिसते.

अँटोनियाचं कुटुंब बोहेमियातून येतं. त्यांच्याच मुलखातला माणूस त्यांना चढ्या भावानं जमीन विकतो. राहायला भुईत खणलेलं खोपट. तिची आई जिमच्या आजीला एक लहानशी पिशवी भेट देते. आत तपकिरी, वाळकं काहीतरी. आजीला ते ओळखू येत नाही, ती सरळ चुलीत टाकते. ती बोहेमियातल्या रानातली वाळवलेली अळंबी होती, हे जिमला फार वर्षांनी उमगतं. परक्या मुलखात आपली चीज कशी मातीमोल होते, हे एवढ्या थोडक्यात मी क्वचितच वाचलंय.

वतनासाठी झुरणारा बाप ऐन हिवाळ्यात गोठ्यात स्वतःला गोळी घालतो. दफनभूमीत त्याला जागा मिळत नाही. शेताच्या कोपऱ्यावर, जिथून पुढं रस्ते जाणार तिथंच त्याला पुरतात. पण रस्ते झाले तेव्हा ते थडग्यापाशी जरासे वळले. तेवढा गवताचा तुकडा तसाच राहिला. मग पोरगी औत धरते. शाळेत चल म्हटलं, तर आता मी पुरुषासारखं काम करते, असं ऐटीत सांगते. आणि चालता चालता तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

पुढं ती फसवली जाते. पोटात मूल घेऊन परत येते, गुरं राखते, आणि एका संध्याकाळी गुरं घरी आणून, कुणाला हाक न मारता, खोलीत जाऊन बाळंत होते. हे आपल्याला कळतं ते शेजारच्या विधवेकडून. अँटोनियाच्या तोंडून नाही. माझी तक्रार इथं आहे. एवढं सोसलेली बाई स्वतः बोलली असती तर तिनं काय सांगितलं असतं?

पण कॅथर जिमलाही मोकळं सोडत नाही. परत येईन म्हणून गेलेला हा गडी वीस वर्षं फिरकत नाही. तिला थकलेली, मोडलेली बघायची त्याला धास्ती. आपल्या आठवणीला तडा जाऊ नये म्हणून माणसालाच टाळायचं! शेवटी जातो, तर तिचे दात पडलेले, केस पिकलेले. पण घर पोरांनी भरलेलं, फळबाग लावलेली, तळघरात बरण्यांची रास. ती त्याची वाट बघत थांबलेली नव्हती. ‘माझी’ हा शब्द तिच्याविना लिहिलेला होता, हे वाचकाला कळतं. जिमला कितपत कळलं, कोण जाणे.

हीच कसोटी कॅथरलाही लावायला हवी. जिमच्या घराजवळ गवतात एक पुसटसं वर्तुळ दिसतं, इंडियन लोकांच्या घोड्यांनी पडलेलं. बस्स, एवढाच उल्लेख. नेब्रास्कातल्या पॉनी लोकांना 1870 च्या दशकात तिथून हलवलं गेलं होतं, म्हणजे कॅथर मंडळी यायच्या जेमतेम दहा वर्षं आधी. रेड क्लाउड हे नावही एका लाकोटा पुढाऱ्याचं. कचेरीतल्या ज्या कागदावर अलेक्झांड्राचं नाव चढलं, त्याच्या आधीच्या पानाबद्दल बाई गप्प आहे.

तरी तिची पुस्तकं मी जवळ ठेवतो. गाव सोडलेल्यानं लिहू नये, असं ती म्हणत नाही. तिनं स्वतः न्यूयॉर्कमध्ये राहूनच लिहिलं. पण ‘माझं गाव’ लिहिताना तो पहिला शब्द मागाहून जोडलेला असतो, आणि ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांना आपण विचारलेलं नसतं, एवढं ती दाखवून देते.