डोमेन सर्व्हर व वर्कस्टेशन यांतील संवादाची सुरक्षितता : एकतर्फी विश्वासाची चिकित्सा

अनेक संगणक एका मध्यवर्ती सर्व्हरच्या नियंत्रणाखाली जोडण्याच्या व्यवस्थेस डोमेन म्हणतात. वापरकर्त्याने वर्कस्टेशनवर दिलेल्या पासवर्डची शहानिशा डोमेन सर्व्हर करतो. त्या वर्कस्टेशनवर कोणती धोरणे लागू व्हावीत हेही तोच ठरवितो. या व्यवस्थेच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा सर्व्हरने वापरकर्त्यास कसे ओळखावे, याच प्रश्नाभोवती फिरते. वर्कस्टेशनने सर्व्हरला कसे ओळखावे, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. विंडोज डोमेनमधील काही गंभीर दोषांचे मूळ या दुर्लक्षात आहे.

सैद्धांतिक पातळीवर हा प्रश्न नवा नव्हता. विश्वासू त्रयस्थाच्या साहाय्याने दोन पक्षांनी परस्परांची ओळख पटविण्याची पद्धत नीडहॅम व श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडली. तीतील त्रुटी दाखवून डेनिंग व सॅको यांनी १९८१ मध्ये कालमुद्रेचा उपाय सुचविला. याच पायावर एम.आय.टी.च्या अथीना प्रकल्पात कर्बेरॉस ही प्रणाली उभी राहिली आणि विंडोज २००० ने ती स्वीकारली. (घड्याळांतील फरक पाच मिनिटांहून अधिक नसावा, ही तिची नेहमीची अट होय. मदरबोर्डावरील सेल संपलेल्या संगणकावर लॉगिन का होत नाही, याचे उत्तर कधीकधी येथे सापडते.)

परंतु जुन्या यंत्रांसाठी एनटीएलएम ही आधीची पद्धतही कायम ठेवण्यात आली. सर्व्हरचे नाव न देता आयपी पत्त्याने जोडणी केली तरी सामान्यतः तीच वापरात येई. या पद्धतीत सर्व्हर एक यादृच्छिक संख्या पाठवितो आणि वर्कस्टेशन पासवर्डपासून काढलेल्या मूल्याच्या आधारे तिला उत्तर देते. ती संख्या खरोखर कोणी पाठविली, हे जाणण्याचे साधन वर्कस्टेशनपाशी नसते. त्यामुळे मध्ये बसलेला तोतया तीच संख्या व तेच उत्तर इकडून तिकडे पोहोचवून दुसऱ्याच्या नावाने प्रवेश मिळवू शकतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसएमबी-रिले या साधनाने हे प्रत्यक्ष दाखवून दिले.

यावरील उपाय तोवर उपलब्ध होता. प्रत्येक संदेशावर सत्रकिल्लीने स्वाक्षरी करण्याची सोय एनटी ४.० च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये, म्हणजे १९९७ मध्येच आली होती. डोमेन सर्व्हरवर तिची सक्ती विंडोज सर्व्हर २००३ पासून झाली. वर्कस्टेशनच्या बाजूने सर्वसाधारण सक्ती होण्यास मात्र विंडोज ११ ची २०२४ मधील २४एच२ आवृत्ती यावी लागली. खरा सर्व्हर स्वाक्षरी मागेल हे ठीक. खोटा सर्व्हर ती कशाला मागेल?

२०१५ मध्ये या विसंगतीची किंमत उघड झाली. वर्कस्टेशन डोमेन सर्व्हरवरून धोरणाच्या फाईली व स्क्रिप्ट आणते. त्या देणारा सर्व्हर खरा आहे की नाही, याची पुरेशी पडताळणी होत नसे. शिवाय धोरणाची फाईल वाचता आली नाही, तर सुरक्षा-सेटिंग मूळच्या सैल स्थितीत परत जात. म्हणजे स्वाक्षरीचा नियम ज्या मार्गाने यावयाचा, त्याच मार्गावर तो काढून टाकता येत होता.

सगळा संवाद आयपीसेकने बंदिस्त करावा, असा पर्याय सुचविला जातो. तो आकर्षक असला तरी चक्राकार आहे. आयपीसेकला ओळखीसाठी कर्बेरॉसचे तिकीट हवे, आणि ते तिकीट तर डोमेन सर्व्हरकडूनच मिळावयाचे. विंडोज २००० ने ही कोंडी फोडण्यासाठी कर्बेरॉसच्या वाहतुकीस मूळ सेटिंगमध्येच सूट दिली. परिणामी ८८ क्रमांकाच्या पोर्टवरून आल्याचे भासविणारे कोणतेही पॅकेट गाळणीतून निसटू शके. सर्व्हर २००३ मध्ये ही सूट काढून घेण्यात आली. प्रमाणपत्रांच्या मार्गाने ही कोंडी टळते. मात्र प्रत्येक यंत्रास प्रमाणपत्र देण्याचा व त्याच्या नूतनीकरणाचा भार लहान संस्थेस सहज पेलणारा नाही.

परस्पर ओळखीचा आराखडा असला की काम भागले, असेही नव्हे. २०२० मध्ये उघड झालेल्या झिरोलॉगॉन दोषात नेटलॉगॉनची देवाणघेवाण दुतर्फी होती. परंतु कूटलेखनाची आरंभ-संख्या कायम शून्य ठेवल्याने सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा तोतयाचे शून्यांनी भरलेले उत्तर ग्राह्य ठरे. संगणकांच्या खात्यांना चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा नसल्याने तेवढे प्रयत्न करणे क्षणांचे काम होते.

जुने प्रिंटर व साठवण-यंत्रे बंद पडतील, स्वाक्षरीमुळे गती मंदावेल, हा उत्पादकाचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नव्हता. मात्र त्या सवलतीची जोखीम कोणाच्या माथी बसते, हे तो सांगत नाही. २०१५ ची दुरुस्तीही निव्वळ बसवून भागत नसे. परस्पर ओळख व संदेशांची अखंडता सक्तीची करणारे धोरण प्रशासकाने वेगळे लावावे लागे. विंडोज १० मध्ये ती सक्ती सिस्वॉल व नेटलॉगॉन या दोन फोल्डरांपुरती मूळ सेटिंगमध्ये आली. सर्व्हर २००३ ला मात्र ती दुरुस्ती कधीच मिळाली नाही.