खड्डा कोणाचा, कलम कोणाचे?

शासन निर्णयाची भाषा हा साहित्यसमीक्षेचा विषय नव्हे, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते. अनुदानाच्या परिपत्रकाची होत नाही. परंतु दलितांच्या जगण्यावर कोणत्या लेखनाचा सर्वांत खोल ठसा उमटला, असा प्रश्न विचारला तर उत्तर काव्यसंग्रहाकडे जात नाही. ते वतनाच्या सनदेकडे, सातबाऱ्याकडे आणि शासन निर्णयाकडे जाते. ज्या लेखनाने माणसाची भाकरी ठरते, ते लेखन वाचायचे नाही आणि ज्याने चार रसिकांची संध्याकाळ रम्य होते तेवढेच वाचायचे, हा दंडक आपण का मानावा?

येथे दोन्ही प्रकारचे लेखन शेजारी ठेवून वाचावयाचे आहे, आणि त्यासाठी मालगुंडसारखे दुसरे ठिकाण नाही. रत्नागिरी तालुक्यातले, गणपतीपुळ्याजवळचे हे गाव केशवसुतांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली येथे उभारलेले त्यांचे स्मारक पाहायला शाळांच्या सहली येतात. सहलीची गाडी ज्या मुलुखातून येते, तो आंब्या-काजूच्या बागांचा, कातळाच्या सड्यांचा आणि वरकस उतारांचा मुलूख आहे. १९९० नंतर या मुलुखात ज्या बागा वाढल्या, त्यांच्यामागे शासनाचा मोठा पैसा उभा आहे. स्मारकातली कविता आणि बाहेरची बाग यांचा परस्परांशी काय संबंध, हा प्रश्न मराठी समीक्षेने विचारलेला नाही.

१

प्रथम योजनेचा विचार करू. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरी फाल्गुन-चैत्रात विहिरी तळ गाठतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. उघडा उतार असेल तर माती ओढ्याला आणि ओढा समुद्राला मिळतो. अशा जमिनीवर झाड लावणे, समतल चर खणणे, बांध घालणे हे केवळ मालकाच्या हिताचे काम नाही. खालच्या वाडीची विहीर त्यावर जगते. म्हणून जो माती राखतो त्याला समाजाने मोबदला द्यावा, हे तत्त्व न्यायाचे आहे. त्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की माती राखणारा कोण, हे शासन कशावरून ठरवते?

महाराष्ट्राने १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. या जोडणीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. रोजगार हमी ही १९७२ च्या दुष्काळात रुजलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली योजना. ज्याच्याजवळ हातांखेरीज काही नाही, त्याला काम मागण्याचा हक्क तिने दिला. फळबागेने त्या हक्काचा पैसा खाजगी शेतात नेला. मजुराने खड्डा खणला, त्याची मजुरी त्याला मिळाली, आणि त्याचा संबंध संपला. खड्ड्यात लावलेले कलम चाळीस-पन्नास वर्षे फळ देते. ते मालकाचे झाले. मजुराला रोजंदारी आणि खातेदाराला कायमची मालमत्ता, अशी ही वाटणी एकाच निधीतून झाली. हा निधी कोणाच्या भुकेच्या नावाने उभा राहिला होता, याची आठवण ठेवायला नको काय?

२०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या अटी वाचल्या की हे अधिक स्पष्ट होते. कोकणासाठी क्षेत्राची मर्यादा किमान ०.१० हेक्टर, कमाल १० हेक्टर. दहा बाय दहा मीटरवर आंबा लावला तर किमान क्षेत्रात दहा झाडे बसतात, कमाल क्षेत्रात हजार. एकाच योजनेच्या एकाच रकान्यात दहा झाडांचा माणूस आणि हजार झाडांचा माणूस ‘लाभार्थी’ म्हणून शेजारी उभे राहतात. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागलेले. पुढचे हप्ते मिळण्यासाठी कोरडवाहू झाडे ८० टक्के आणि बागायती झाडे ९० टक्के जगली पाहिजेत, अशी अट. ही अट योग्यच आहे. पण चैत्राच्या उन्हात ती झाडे जगवतो कोण? डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी बाई, रोजावरचा गडी, आणि अलीकडे मोठ्या बागांतून झोपडी बांधून राहणारा नेपाळी राखणदार. झाड जगल्याचा पुरावा त्यांच्या श्रमाचा. हप्ता खातेदाराच्या बँकखात्यात.

सातबारा संयुक्त असेल तर सर्व खातेदारांची संमती हवी, अशीही अट आहे. कोकणात एकेका उताऱ्यावर वीस-वीस नावे असतात. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काही दिवंगत, वारसनोंद झालेली नाही. ज्याच्याजवळ पैसा आणि तालुक्याच्या गावी ओळख आहे, तो वाटणी करून घेतो. बौद्धवाडीतला माणूस आजोबांच्या नावाचा उतारा हातात घेऊन तलाठ्याकडे फेऱ्या मारतो. त्याची माती वाहून जातच राहते, कारण कायद्याच्या दृष्टीने ती राखण्याचा अधिकार कोणा एकाचा नाही.

२

सातबाऱ्यावर दलिताचे नाव का नाही, किंवा असले तर ते दहा गुंठ्यांपुरतेच का, याचे उत्तर इतिहासात आहे. रत्नागिरी हा खोतीचा जिल्हा. कूळ अर्धेलीने, तिर्धेलीने जमीन कसत होते आणि वर वेठ भरत होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कुणबी आणि महार त्यात खांद्याला खांदा लावून चालले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळ कायद्याने कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी झाली. पण कूळ म्हणून ज्याचे नाव कागदावर चढले होते त्यालाच. नाव नसलेला कसणारा आधीही कसतच होता आणि नंतरही कसतच राहिला.

महाराची गोष्ट आणखी निराळी. गावच्या शिवेचा साक्षीदार महार. दोन शेतकऱ्यांचा बांधावरून तंटा झाला की हद्द कुठे होती हे सांगायला त्यालाच बोलावीत. साऱ्या गावाच्या जमिनी ज्याला पाठ होत्या, त्याच्या पदरी होते ते वतन आणि बलुते. ती रात्रंदिवसाच्या चाकरीची किंमत होती आणि ती भीक मागावी तशी मागावी लागे. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच गुलामीच्या मोबदल्याविरुद्ध. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीच्या, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतर न होणाऱ्या आणि वाटणीत चिंधड्या झालेल्या.

ही पार्श्वभूमी ठेवून ‘अनुदान’ आणि ‘लाभार्थी’ हे शब्द वाचावेत. माती राखणे हे काम आहे. कामाला मोबदला असतो, दान नसते. शासन मात्र कामाचे दान करते आणि काम करणाऱ्याला वगळून दान घेणाऱ्याला लाभार्थी म्हणते. बलुत्याचा हा नवा अवतार उलट्या दिशेने चालतो: जुन्या काळी राबणाऱ्याला थोडे तरी मिळे, आता राबणारा हिशेबातच नाही.

३

हे आपल्याच देशाचे दुर्दैव नव्हे. अमेरिकेत १९३३ च्या शेती कायद्याने कापसाचे क्षेत्र घटवण्यासाठी सरकारने पैसे दिले. ते मळेवाल्यांच्या हाती गेले. कसणाऱ्या वाटेकऱ्यांना हिस्सा देण्याऐवजी अनेक मळेवाल्यांनी त्यांना जमिनीवरून काढून टाकले. त्यातून १९३४ साली आर्कान्सा राज्यात टायरोन्झा येथे काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांची एकत्र संघटना उभी राहिली. १९३६ च्या कायद्याने पैशाचे कारण ‘मृद्‌संधारण’ असे झाले. रीत मात्र जमीन ज्याच्या ताब्यात त्यालाच प्रथम ओळखण्याची राहिली. पुढे काळ्या शेतकऱ्यांच्या कितीतरी जमिनी मृत्युपत्रावाचून वारसांत सामाईक राहिल्या आणि मालकीचा निर्विवाद कागद नाही म्हणून सरकारी योजनांना मुकल्या. कोकणातल्या वीस नावांच्या उताऱ्याचेच ते भावंड. २०१८ च्या कायद्याने तेथे अशा वारसांना अन्य पुराव्यांवर शेताची नोंद मिळण्याची वाट करून दिली. दलित साहित्याने काळ्यांच्या साहित्याशी नाते जोडले ते वेदनेच्या भाषेत. जमिनीच्या हिशेबातही ते नाते आहे.

४

आता कवितेकडे येऊ. केशवसुतांनी १८८८ साली ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ आणि १८८९ साली ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ लिहिली. त्या काळात, त्या जातीत जन्मून या दोन विषयांना हात घालणे ही लहान गोष्ट नव्हती. पण या दोन कविता शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. अंत्यजाच्या मुलाला जात आहे, काम नाही. मजुराला भूक आहे, जात नाही. मूल विटाळाबद्दल विचारते, मजूर बेकारीबद्दल. अंत्यज हाच मजूर आहे, आणि तो अंत्यज आहे म्हणूनच भूमिहीन मजूर आहे, ही गाठ दोन्ही कवितांच्या मधल्या कोऱ्या जागेत राहून गेली.

तीच कोरी जागा शासनाच्या कारभारात आहे. कृषी खात्याच्या रकान्यात जमीन आहे, तिला जात नाही. समाजकल्याण खात्याच्या रकान्यात जात आहे, तिला जमीन नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर हात आहेत, त्यांना मालकी नाही. तीन टेबलांवर एकाच माणसाचे तीन तुकडे पडलेले आहेत. आक्षेप येईल, की २००५ च्या रोजगार हमी कायद्याने अनुसूचित जातींच्या जमिनीवरील कामांना प्राधान्य दिले होते. होय, पण प्राधान्य जमीन असलेल्यालाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमिनीची अट घातली गेली. दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या योजनेत भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याचे वचन आहे. पण शासन ठरवील त्या दरात विकायला जमीनवाला तयार असला तरच. पर्यटनाने भाव चढलेल्या किनाऱ्यावर तो का तयार होईल? ज्या दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह लढवले, त्यांचे नाव विक्रेत्याच्या मर्जीवर टांगलेले आहे.

कोकणच्या कादंबरीनेही ही जागा भरली नाही. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली आली. खोत घराण्याच्या पिढ्यांचा तो मोठा पट आहे, पण त्याचे केंद्र खोताचा वाडा आहे. डोंगराकडे खालून, ओझ्याखालून पाहिले ते उर्मिला पवारांनी. ‘आयदान’ (२००३) रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर भारे घेऊन जाणाऱ्या बायांच्या वाटेने सुरू होते. त्या बायांसाठी डोंगर म्हणजे निसर्गसौंदर्य नव्हे. डोंगर म्हणजे लाकूडफाटा, गवत आणि संध्याकाळचे तांदूळ. सड्यावर बाग झाली, भोवती कुंपण आले, की माती राहते आणि वाट बंद होते. या बंद झालेल्या वाटेची किंमत कोणत्याही अनुदानाच्या अंदाजपत्रकात धरलेली नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. माती राखण्याचा मोबदला दोन भागांत द्यावा: एक जमिनीच्या नोंदीवर, दुसरा झाड जगवणाऱ्या हातांना, थेट त्यांच्या खात्यात, झाडे जगल्याच्या त्याच पंचनाम्यावर. सामाईक उताऱ्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याला ग्रामसभेच्या दाखल्यावर पात्र धरावे. सरकारी पडीक जमीन भूमिहीनांच्या, विशेषतः स्त्रियांच्या गटांना दीर्घ मुदतीने द्यावी आणि फळावर त्यांचा हक्क लिहून द्यावा. शिक्षकांनी वर्गात केशवसुतांच्या या दोन कविता एकत्र शिकवाव्यात, आणि त्यांच्याबरोबर गावचा एक सातबारा फळ्यावर लिहावा. मुले स्वतःच विचारतील की या उताऱ्यावर नावे कोणाची आहेत आणि खड्डे कोणी खणले. अंत्यजाच्या मुलाचा दुसरा प्रश्न तोच आहे.