दोन खुर्च्या आणि हरवलेला पूर्वपक्ष

सणासुदीला घर भरलेले असते. रात्रीची जेवणे आटोपतात, पानसुपारी फिरते आणि कोणीतरी बातम्यांची वाहिनी लावतो. पडद्यावर सहा-आठ चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेक विद्वान, आणि सारे विद्वान एकाच वेळी बोलत असलेले! घरातील वडीलधारे ‘आवाज कमी करा रे’ म्हणतात, मुले हसतात, आणि कोण काय म्हणाले ते कोणालाच सांगता येत नाही. ह्या प्रकाराला आपल्याकडे ‘चर्चा’ असे भारदस्त नाव आहे. त्याचे कूळ शोधू गेल्यास अमेरिकेतील एका कार्यक्रमापाशी थांबल्यावाचून गत्यंतर नाही. त्याचे नाव ‘क्रॉसफायर’. दोन्ही बाजूंनी गोळीबार चालू असताना मध्ये सापडणे, असा त्या शब्दाचा अर्थ. त्या कार्यक्रमाची कुंडली मांडून पाहिली, तर आपल्या घरातील गोंगाटाचेही थोडे निदान होईल, असे मला वाटते.

टेड टर्नर ह्या गृहस्थांनी १९८० साली अटलांटा शहरातून सीएनएन ही चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी सुरू केली. चोवीस तास बातम्या द्यायच्या म्हणजे बातमीदार हवेत, कॅमेरे हवेत, प्रवासाचा खर्च हवा. गप्पांना मात्र एक मेज आणि चार खुर्च्या पुरतात. १९८२ साली ‘क्रॉसफायर’ सुरू झाला. उजवीकडे पॅट ब्यूकॅनन, अध्यक्ष निक्सन यांची भाषणे लिहून देणारे. डावीकडे टॉम ब्रेडन, एके काळी गुप्तहेर खात्यात अधिकारी असलेले आणि पुढे पत्रकार झालेले. दोघांचा जोडीने वाद घालण्याचा कार्यक्रम वॉशिंग्टनच्या नभोवाणीवर आधीच गाजत होता. पाहुण्याला समोर बसवायचे आणि दोघांनी दोन बाजूंनी प्रश्नांचा मारा करायचा, अशी ही योजना.

ह्या पहिल्या काळातील कार्यक्रमाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. १९८६ साली फ्रँक झॅपा हा गायक तेथे आला होता. पोरांच्या कानी पडणाऱ्या गाण्यांतील शब्दांवर बंधन घालावे काय, हा त्या दिवशीचा सवाल. आरडाओरडा तेव्हाही झालाच. परंतु प्रश्न एक होता, तो आईबापांच्या जिव्हाळ्याचा होता, आणि बंधन नको म्हणणाऱ्याला आपले म्हणणे उभे करावे लागत होते. पुढे १९८९ साली डावी खुर्ची मायकेल किन्स्ली यांच्याकडे आली. ते तर्काने चालणारे लेखक. त्यांची मते त्यांची स्वतःची होती, कोणा पक्षाच्या कचेरीतून आलेली नव्हती.

बिघाड झाला तो हळूहळू, आणि तो खुर्च्यांवर कोण बसले त्यावरून दिसतो. ब्यूकॅनन मध्येच अध्यक्ष रेगन यांच्या कचेरीत नोकरीला गेले, परत आले, आणि १९९२ साली स्वतःच अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले. थोरल्या बुश यांच्या कचेरीचे प्रमुख असलेले जॉन सुनुनू त्याच सुमारास उजव्या खुर्चीवर आले. १९८४ साली उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या जेराल्डीन फेरारो काही काळ डाव्या खुर्चीवर होत्या. २००२ पासून तर क्लिंटन यांना १९९२ साली निवडून आणणारे दोन व्यूहकार, जेम्स कारव्हिल आणि पॉल बेगाला, हेच डावी बाजू सांभाळू लागले. कार्यक्रमही एका विद्यापीठाच्या सभागृहात, टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांपुढे होऊ लागला. मत असलेल्या माणसाच्या जागी वकीलपत्र घेतलेला माणूस आला. वकील वाईट नसतो. पण न्यायालयात त्याच्या समोर न्यायाधीश असतो. येथे न्यायाधीशाची खुर्चीच नव्हती.

आपल्या न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाणे देऊन केलेला तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही केलेला तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडत बसणे ती वितंडा. आपल्या शास्त्रकारांची आणखी एक रीत होती. आपला सिद्धान्त सांगण्यापूर्वी विरुद्ध बाजूचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, ते पूर्ण ताकदीनिशी मांडत. ही रीत पंडितांपुरती होती असे कोणी समजू नये. आपल्या गावोगावच्या कलगी-तुऱ्यातही समोरच्या शाहिराने घातलेले कूट आधी उलगडावे लागे, तेव्हाच उत्तराला तोंड उघडता येई. न ऐकता ज्याने डफावर थाप मारली त्याचे हसे होई. आज वर्तमानपत्रे दोन पुढाऱ्यांच्या शिवीगाळीला ‘कलगीतुरा’ म्हणतात, हा त्या शाहिरांवर अन्याय आहे.

ही मोजपट्टी लावली म्हणजे ‘क्रॉसफायर’ची गोष्ट स्पष्ट होते. प्रारंभी त्यात वादाचा अंश होता. पुढे तो निखळ जल्प झाला. १५ ऑक्टोबर २००४ रोजी, निवडणुकीला अडीच-तीन आठवडे उरले असता, विनोदी कार्यक्रम करणारे जॉन स्ट्युअर्ट पाहुणे म्हणून आले. समोर बेगाला आणि उजव्या खुर्चीवरचे टकर कार्लसन. गंमत करतील ह्या अपेक्षेने बोलावलेल्या पाहुण्याने यजमानांनाच धारेवर धरले. तुम्ही वाद करीत नाही, नाटक करता, आणि त्याने देशाचे नुकसान होते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. २००५ च्या जानेवारीत वाहिनीचे नवे प्रमुख जोनाथन क्लाइन यांनी स्ट्युअर्ट यांच्याशी सहमती दर्शवीत कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्या वर्षाच्या मध्यास तो थांबला.

ह्या प्रसंगाचे आजवर कौतुकच झाले आहे. टीका खरी होती, ह्यात शंका नाही. परंतु तुम्ही स्वतः मोठ्या उमेदवाराला मऊ प्रश्न का विचारलेत, असे कार्लसन यांनी विचारले तेव्हा, माझ्या कार्यक्रमाआधी बाहुल्यांचा खेळ असतो, मला कसली जबाबदारी, अशा अर्थाचे उत्तर स्ट्युअर्ट यांनी दिले. शास्त्राच्या भाषेत ही वितंडाच. जल्पावर वितंडेने मात केली आणि सभेने टाळ्या वाजवल्या. वाद कसा असावा, हे कोणीच सांगितले नाही.

पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. फॉक्स वाहिनीवर १९९६ पासून हॅनिटी आणि कोम्स ही उजवी-डावी जोडी होती. २००९ च्या आरंभी कोम्स गेले आणि हॅनिटी एकटेच उरले. स्ट्युअर्टसमोर बसलेले कार्लसनही २०१६ ते २०२३ त्याच वाहिनीवर आपल्या नावाच्या कार्यक्रमात एकटे बसत. सीएनएनने २०१३ साली चार नवे यजमान घेऊन ‘क्रॉसफायर’ पुन्हा मांडला, पण पुढच्याच वर्षी तो गुंडाळला. भांडण वाईट म्हणून दुसरी खुर्ची काढली, आणि भांडण काही थांबले नाही. आता ते घराघरांत, दोन वेगळ्या वाहिन्या पाहणाऱ्या भावाभावांत जाऊन बसले. खुर्ची होती तोवर विरोधकाचा चेहरा तरी दिसत होता.

म्हणून ‘क्रॉसफायर’वरील माझा आक्षेप रूढ आक्षेपाहून निराळा आहे. दोन माणसे भांडली हा त्याचा दोष नव्हे. समोरच्याचे म्हणणे सांगण्याची सक्ती तेथे कोणावर नव्हती, हा दोष. अर्धा तास तोच, खुर्च्या त्याच, माणसेही तीच ठेवून एक नियम घातला असता, तर तो कार्यक्रम वेगळा झाला असता.

शाळेत वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेताना मी हल्ली हा नियम पाळतो. बोलायला उठलेल्या मुलाने आधीच्या वक्त्याचे म्हणणे दोन वाक्यांत सांगायचे, आणि त्या वक्त्याने ‘होय, मी हेच म्हणालो’ अशी मान डोलावली तरच पुढे बोलायचे. मुलांचा आवाज आपोआप खाली येतो, कारण सांगायचे म्हणजे आधी ऐकावे लागते. काही जणांचे मत उठण्यापूर्वीच अर्धे बदललेले असते, आणि मग ते गोंधळून हसतात. त्या हसण्यात मला वादाची खरी सुरुवात दिसते.

बातम्यांच्या वाहिन्या हा नियम करतील, अशी आशा मी धरीत नाही. घरात मात्र तो करता येतो. त्याला परवाना लागत नाही आणि खर्चही नाही. यंदा फराळाच्या ताटाभोवती राजकारण निघालेच, आणि ते निघणारच, तर भावाला खोडण्यापूर्वी त्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत एकदा सांगून पाहावे. मतभेद कदाचित तसाच राहील. पण तो नेमका कशाबद्दल आहे, एवढे तरी दोघांना कळेल.