राइट मॉरिस : समोरासमोरची दोन पाने

राइट मॉरिस (१९१०-१९९८) यांना कादंबरीकार म्हणावे की छायाचित्रकार, हा प्रश्न वर्गीकरणाचा नसून अर्थनिर्मितीचा आहे. ‘द होम प्लेस’ (१९४८) या त्यांच्या कादंबरीत मजकुराच्या प्रत्येक पानासमोर एक छायाचित्र येते. नेब्रास्कातील शेतघर, खुर्ची, पलंग. माणसे जवळजवळ नाहीतच, त्यांच्या वावराने वस्तूंना आलेली झीज तेवढी दिसते. मजकूर चित्राचे वर्णन करीत नाही. चित्रही प्रसंग सजवीत नाही. तिचा उत्तरार्ध असलेली ‘द वर्ल्ड इन द अॅटिक’ (१९४९) मात्र छायाचित्रांविना प्रसिद्ध झाली. पुढे ‘द फील्ड ऑफ व्हिजन’ला १९५७ साली नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, आणि मॉरिस प्रामुख्याने कादंबरीकार ठरले. ही फाळणी त्यांच्या कलेवर अन्याय करणारी आहे. ‘गॉड्ज कंट्री अँड माय पीपल’ (१९६८) मध्ये त्यांनी पूर्वीचीच अनेक छायाचित्रे नव्या मजकुरासमोर मांडली, आणि एका कथेतले घर आता स्मरणातले घर झाले. छायाचित्र हा वास्तवाचा स्वयंपूर्ण पुरावा असतो, ही समजूत येथे ढळते. तथापि शब्द बदलले तरी वस्तूवरची झीज बदलत नाही. मॉरिस यांची खरी संहिता या ताणात, दोन पानांच्या मधोमध आहे.