अकर्तृक वाक्यांतील नकार : वऱ्हाडी बोलीच्या साक्षीने एक विचार

मराठी व्याकरणग्रंथांत नकाराला स्वतंत्र प्रकरणाचा मान क्वचितच मिळालेला आहे. होकारार्थी वाक्य सिद्ध करावे आणि त्यास ‘नाही’ जोडावे, म्हणजे नकारवाक्य तयार होते, अशी समजूत बहुधा गृहीतच धरलेली असते. सकर्तृक वाक्यांपुरती ही समजूत फारशी बाधक होत नाही. ‘राम आला’ आणि ‘राम आला नाही’ यांत तिने काम भागते. परंतु ज्या वाक्यांत प्रथमान्त कर्ता नाही, आणि ज्यांचा सारा भार एखाद्या विशेषणावर किंवा क्रियाविशेषणावर पडलेला आहे, तेथे ही समजूत टिकत नाही. अमरावती-अकोल्याकडील बोलीत अशा वाक्यांची समृद्धी मोठी असल्यामुळे या प्रश्नाचा विचार तिच्या साक्षीने करणे उपयुक्त ठरेल.

प्रथम परंपरेची भूमिका पाहू. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, व मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या परंपरेतून आलेली ‘भावकर्तृक क्रियापद’ ही संज्ञा शालेय पुस्तकांपर्यंत पोचली आहे. उजाडते, सांजावते, मळमळते, करमते या क्रियापदांना निराळा कर्ता नसून क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता होय, असे तिचे विवरण केले जाते. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘इट’ हे अर्थशून्य सर्वनाम कर्त्याची जागा अडवून बसते; मराठीस तशा आधाराची गरज भासत नाही. ‘तेथे जाणे सुरक्षित नाही’ असे सरळ म्हणता येत असताना ‘ते तेथे जाण्यासाठी सुरक्षित नाही’ असे भाषांतर करणे, म्हणजे परक्या रचनेतील पोकळ शब्द मराठीत भरणे होय. येथवर परंपरेचे विवेचन ग्राह्य आहे. तिची मर्यादा दिसते ती वाक्यात नकार शिरला म्हणजे.

‘मला करमत नाही’ हे वाक्य घ्यावे. वऱ्हाडात याच अर्थी ‘मले गमत नाई’ असे म्हणतात. करमणे किंवा गमणे हे क्रियापद नकारात आणि प्रश्नात जितके सहज येते, तितके साध्या विधानात येत नाही. ‘तुले गमते का?’ असे सासरी गेलेल्या मुलीस विचारले जाते, आणि ‘गमत नाई’ असे उत्तर येते. शक्यार्थक क्रियापदांचीही हीच गत आहे. ‘मला चालवत नाही’, ‘आजीला आता जिना चढवत नाही’ ही नित्याची वाक्ये होत. ‘मला चालवते’ हे वाक्य अशुद्ध नव्हे. पण ते बहुधा आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडी शोभते, म्हणजे त्या होकारातही पूर्वीच्या अशक्यतेची छाया असते. अशा ठिकाणी होकार मूळ व नकार साधित हा क्रम व्यवहाराशी जुळत नाही.

क्रियाविशेषणांकडे वळल्यावर प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. ओटो येस्पर्सन याने १९१७ सालच्या नकारविषयक प्रबंधात संपूर्ण विधानाचा नकार आणि एखाद्या पदाचा नकार असा भेद केला होता. तो येथे उपयोगी पडतो. ‘मला अजून चालवत नाही’ यात ‘अजून’ नकाराच्या कक्षेबाहेर आहे. न चालवण्याची अवस्था आजवर टिकून आहे, असा अर्थ होतो. ‘मला फार चालवत नाही’ यात मात्र ‘फार’ हेच नाकारले गेले आहे. थोडेसे चालवते, हे गृहीत आहे. क्रियापद तेच, ‘नाही’ त्याच जागी, तथापि नकाराचा विषय निराळा. तिसरा वर्ग ‘मुळीच’, ‘फारसे’, ‘तितकेसे’ यांचा. ‘मला फारसे चालवत नाही’ हे वाक्य होते. ‘मला फारसे चालवते’ हे होत नाही. ‘फार’ला ‘से’ जोडताच तो शब्द नकाराचा आश्रित बनतो. होकारास ‘नाही’ जोडून नकार होतो असे मानले, तर या वाक्याचा मूळ होकार कोणता, याचे उत्तर देता येत नाही.

विशेषणांची स्थिती याहून उद्बोधक आहे. ‘मला बरे वाटत नाही’ यातील ‘बरे’ला पुष्कळ वेळा क्रियाविशेषण म्हटले जाते. परंतु प्रथमान्त नाम येताच ‘ही कल्पना मला बरी वाटत नाही’, ‘हा बेत बरा वाटत नाही’ असे लिंगवचन बदलते. अर्थात् ‘बरे’ हे विशेषणच असून, जुळवून घेण्यास नाम नसल्यामुळे ते नपुंसकलिंगी एकवचनात राहिले आहे, असे मानणे सयुक्तिक ठरते. अर्थाच्या अंगाने पाहता ‘बरे वाटत नाही’ म्हणजे केवळ बरेपणाचा अभाव नव्हे. प्रकृती बिघडली आहे, असे विधायक विधान त्यात आहे. उलट ‘वाईट वाटत नाही’ म्हणजे प्रकृती ठीक आहे, असे नव्हे. खेद होत नाही, एवढेच. ‘बरे’ आणि ‘वाईट’ हे कोशात विरुद्धार्थी असले, तरी या रचनेत एक देहाकडे व दुसरे मनाकडे वळलेले आहे.

नकारवाचक क्रियापदांतील भेदही येथे लक्षात घ्यावयास हवा. ‘येथे थांबणे बरे नव्हे’ यात गुणाचा निषेध आहे, आणि ‘घरात कोणी नाही’ यात अस्तित्वाचा. आजच्या बोलण्यात पहिल्या जागीही ‘नाही’ येते, व ‘नव्हे’ लेखनापुरते उरू पाहते. ‘नये’ची गोष्ट याहून निराळी. ‘असे बोलू नये’ याचा होकार ‘असे बोलावे’ हा आहे. म्हणजे नकारासाठी येथे रचनाच बदलते. आणि ‘फुले तोडू नयेत’ या परिचित सूचनेत तर ‘नये’ कर्माच्या वचनाप्रमाणे चालते.

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडीचा प्रश्न केवळ उच्चारभेदाचा राहत नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची दखल घेतलेली आहे. परंतु त्या सर्वेक्षणाचे मुख्य नमुने उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे होत. भाषांतरित कथनातून प्रत्ययांची तुलना उत्तम साधते. ‘गमत नाई’सारख्या घरगुती वाक्यांना तेथे वाव अल्प. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने वऱ्हाडी संवादांना कादंबरीत प्रतिष्ठा दिली. व्याकरणाने मात्र या बोलीकडे अद्याप प्रत्ययांचे कोष्टक म्हणूनच पाहिले आहे.

याचा परिणाम वर्गात दिसू शकतो. ‘मले बरं नाई वाटत’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य लाल शाईने खोडले जाते, तेव्हा दोन भिन्न गोष्टी एकाच रेघेखाली येतात. ‘मला’ऐवजी ‘मले’ हा बोलीचा विभक्तिप्रत्यय आहे. प्रमाण लेखनात तो बदलावा, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु चतुर्थ्यन्त अनुभवी, नपुंसकलिंगी विशेषण आणि कर्त्यावाचून उभे असलेले नकारवाक्य ही रचना प्रमाण मराठीचीच आहे, आणि ती त्या विद्यार्थ्यास कोणी न शिकवता पूर्णपणे अवगत आहे. क्रियापदापूर्वी आलेले ‘नाई’ हेही अपभ्रष्टतेचे लक्षण नव्हे. प्रमाण बोलण्यातही ‘मला नाही जमत’ असे म्हटले जातेच. दुरुस्ती प्रत्ययाची करावयाची, आणि अविश्वास मात्र वाक्यरचनेविषयी निर्माण करावयाचा, हा व्यवहार शास्त्रीय नव्हे व शैक्षणिकही नव्हे.

पदव्युत्तर अभ्यासात म्हणून नकारवाक्यांचे स्वतंत्र वर्गीकरण व्हावयास हवे. प्रत्येक वाक्याबाबत तीन गोष्टी विचारल्या जाव्यात : नकार कोणत्या पदावर पडतो, विशेषण नामाशी जुळवून घेते की नाही, आणि त्या वाक्यास होकाराचा जोडीदार आहे काय. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांना या परीक्षेसाठी सामग्री दूर शोधावी लागणार नाही. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेतील वाक्ये टिपून घेतली, तरी प्रारंभ होण्यासारखा आहे.